डोंगरातले वन, चिखलातले वन

मीरा-भाईंदर शहराला दोन वने लागून आहेत. पूर्वेला काशिमिऱ्यापासून चेण्यापर्यंत आणि पुढे घोडबंदरपर्यंत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या येतात. उत्तरेला वसईच्या खाडीकाठी आणि पश्चिमेला राई, मोर्वा, मुर्धे या गावांमागून आत शिरलेल्या फाट्यांवर कांदळवन आहे. लोकल भाईंदर सोडून पुलावर चढली की दोन्ही बाजूंना ते दिसते. पहिल्याला जंगल म्हणायला कोणाला शिकवावे लागत नाही. दुसऱ्याला मात्र आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या ‘तिवरं’ एवढेच म्हटले गेले. जळणाला, कुंपणाला उपयोगी पडणारी, मिठागराच्या बांधाला धरून उगवणारी ती झाडे. ते वन आहे हे सरकारदप्तरी नीट मान्य व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

या दोन वनांच्या मधल्या पट्ट्यात राहून मी काही वर्षे त्यांचा इतिहास जमवतो आहे. वनशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. जे वाचले ते गॅझेटियर, न्यायालयाचे निकाल, वनखात्याचे अहवाल आणि वनाधिकाऱ्यांची आत्मकथने यांतून. त्या वाचनातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. वनांच्या इतिहासात आपण कायदे मोजतो, आंदोलने मोजतो. पण ज्यांनी नोकरीची तीस-पस्तीस वर्षे वनात काढली, त्या माणसांना काय येत होते आणि ते त्यांना कोणी शिकवले, हे विचारत नाही. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

सुरुवात एका डॉक्टरपासून करावी लागते. अलेक्झांडर गिब्सन हे ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यवैद्य. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाची देखरेख त्यांच्याकडे होती. १८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांनाही वनशास्त्र कोणी शिकवले नव्हते. डेहराडूनची वनशाळा निघायला अजून एकतीस वर्षे होती. वनस्पती ओळखणे आणि घोड्यावरून किंवा पायी प्रदेश हिंडणे, हेच त्यांचे शिक्षण. कंपनीला सागवान हवे होते. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली जात आणि त्या जहाजांचा सांगाडा सागाचा असे. गिब्सन यांनी मात्र आपल्या लिखाणात आणखी एक गोष्ट मांडली: कोकणात डोंगर उघडे झाले की झरे आटतात आणि डोंगराची माती वाहून येऊन खाड्या भरतात. डोंगरातले वन आणि खाडी यांचा हिशोब एकत्र मांडावा लागतो, हे या इलाख्याच्या पहिल्या वनसंरक्षकालाच कळले होते. पुढे दीडशे वर्षे खात्याच्या रचनेत मात्र ते उतरले नाही.

कारण गिब्सन यांच्यानंतर काळ लोहमार्गाचा आला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्या दशकात भाईंदरवरून जाणारी बडोद्याकडची वाट तयार झाली. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले, १८६५ आणि १८७८ मध्ये वनकायदे आले. १८७८ च्या कायद्याने वनांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग पाडले. त्याच साली डेहराडूनला वनशाळा सुरू झाली. इथून वनाधिकारी हा शिकून तयार होणारा माणूस झाला. त्याला काय शिकवले जाई? लाकडाचा घेर मोजणे, घनफळ काढणे, कूप पाडणे, कोणत्या वर्षी कुठले झाड तोडायचे याची कार्य आयोजना लिहिणे, जाळरेषा घेणे. त्याच्या हाताखालच्या वनरक्षकाजवळ खात्याचा हातोडा असे. तोडायच्या झाडावर आणि तोडलेल्या ओंडक्यावर त्या हातोड्याची खूण उमटली की माल कायदेशीर. खूण नसली की गुन्हा.

ठाणे जिल्ह्यात या हातोड्याची पहिली मोठी गाठ पडली ती राबाशी. भाताचे रोप टाकण्याआधी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण यांचा थर शेताच्या तुकड्यावर पसरून जाळायचा, ही इथली जुनी रीत. राब मिळाला नाही तर रोप जोमाने येत नाही, अशी शेतकऱ्याची खात्री. वनखात्याला मात्र प्रत्येक छाटलेली फांदी वाया गेलेले लाकूड दिसे. वरकस जमिनीवरच्या झाडांवर हक्क कोणाचा, गुरे कुठे चारायची, वारल्याने आणि कातकऱ्याने मोळी कुठून आणायची, यांवरून तक्रारी इतक्या वाढल्या की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या वनांविषयी सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. मुंबई वन आयोग या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या कामातून काही सवलती आल्या, पण जंगलाकाठच्या माणसाच्या मनात ‘जंगलखातं’ या शब्दाला जी धार चढली ती उतरली नाही. वनरक्षक म्हणजे पकडणारा, पंचनामा करणारा, दंड करणारा. त्या दंड करणाऱ्यालाही पगार तुटपुंजा आणि राहायला एखादी चौकी, हे त्याच्या बाजूने सांगणारे कोणी नव्हते.

आपल्या पूर्वेच्या टेकड्या मात्र लाकडासाठी नव्हे, पाण्यासाठी वाचल्या. मुंबईसाठी विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पुरा झाला. तलावाचे पाणलोट राखायचे तर त्यावरची झाडी राखावी लागते. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या मुंबई राष्ट्रीय उद्यान कायद्याने बोरिवलीच्या जंगलाला उद्यानाचा दर्जा मिळाला, ते टप्प्याटप्प्याने वाढले आणि सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे झाले. त्यातला निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात आहे. नावात बोरिवली असली, तरी हे उद्यान जितके मुंबईचे तितकेच येऊरचे, चेण्याचे आणि काशिमिऱ्याचेही आहे.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि वनाधिकाऱ्याच्या कामाचा रोख बदलला. काल ज्याने झाड किती घनफूट देईल हे पाहिले, त्याने आज त्याच झाडाच्या ढोलीत कोणता पक्षी आहे हे पाहायचे होते. हा बदल मराठी वाचकाला सर्वांत जवळून माहीत आहे तो मारुती चितमपल्ली यांच्यामुळे. सोलापूरला १९३२ मध्ये जन्मलेल्या चितमपल्लींचे वनशिक्षण कोइमतूरला झाले. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांच्या नोकरीची ठिकाणे म्हणजे महाराष्ट्राच्या वन्यजीव संरक्षणाचाच नकाशा. वनखात्यात छत्तीस वर्षे काढून ते १९९० मध्ये निवृत्त झाले.

त्यांच्या पुस्तकांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. इथे त्यांचा उल्लेख वेगळ्या कारणाने करतो. कोइमतूरने त्यांना जे शिकवले ते त्यांच्या लिखाणात फार थोडे दिसते. नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवारांनी, तळ्याकाठच्या ढीवरांनी, रानातल्या गोंडांनी जे सांगितले, ते पानोपानी दिसते. पाणी किती उतरले की कोणते पक्षी येतात, कुठला मासा कधी अंडी घालतो, अस्वल मोहाखाली केव्हा येते, या ज्ञानाला कार्य आयोजनेत रकाना नव्हता. चितमपल्लींनी ते टिपून ठेवले, त्याची सांगड संस्कृत ग्रंथांशी घातली आणि जिथे शब्द नव्हता तिथे घडवला. बगळ्यांच्या सामूहिक वसाहतीला सारंगागार आणि कावळ्यांच्या वसाहतीला काकागार हे शब्द त्यांचेच. एखाद्या खात्याच्या भाषेत ज्या गोष्टीला शब्द नाही, ती गोष्ट त्या खात्याला राखता येत नाही; म्हणून हे शब्द घडवणे मला वनसंरक्षणाचेच काम वाटते. १८ जून २०२५ रोजी चितमपल्ली गेले. महाराष्ट्रात ५ नोव्हेंबरपासून, म्हणजे त्यांच्या वाढदिवसापासून, डॉ. सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, १२ नोव्हेंबरपर्यंत पक्षी सप्ताह पाळला जातो, ही त्यांना योग्य अशी आठवण आहे.

आता पुन्हा आपल्या टेकड्यांकडे. उद्यानाभोवती वस्ती वाढत गेली तसा बिबट्याचा प्रश्न उभा राहिला. २००२ ते २००४ या काळात माणसांवरचे हल्ले फार वाढले. तेव्हाचा रूढ उपाय म्हणजे पिंजरा लावायचा, बिबट्या पकडायचा आणि दुसऱ्या जंगलात नेऊन सोडायचा. लोकांना दिलासा मिळे, वर्तमानपत्रात छायाचित्र येई. परंतु जुन्नर परिसरात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून दिसले की अशा स्थलांतराने हल्ले कमी होत नाहीत, उलट वाढतात. परक्या जागी सोडलेला प्राणी आपला मुलूख शोधत फिरतो. हे निष्कर्ष वनाधिकाऱ्यांना पटणे सोपे नव्हते, कारण पिंजरा न लावणारा अधिकारी लोकांच्या नजरेत काहीच न करणारा ठरतो.

२०११ मध्ये उद्यानाचे संचालक असलेल्या सुनील लिमये यांनी संशोधक, पत्रकार आणि नागरिक यांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. त्यातले काम अगदी साधे होते. कचरा उचला, म्हणजे कुत्री कमी होतील आणि त्यांच्यामागे येणारा बिबट्याही. अंधारात मुलांना एकटे सोडू नका. बिबट्या दिसला की गर्दी करू नका. कॅमेरे लावून मोजणीही झाली. २०१५ च्या अभ्यासात या जंगलात आणि लगतच्या भागात ३५ बिबटे नोंदवले गेले, २०१८ मध्ये ४७. एवढ्या दाट वस्तीच्या कडेला इतके बिबटे असूनही हल्ल्यांचा तो काळ मागे पडला, याचे मोठे श्रेय या न दिसणाऱ्या कामाला आहे. संघर्ष संपला असे नव्हे. तो रोज सांभाळावा लागतो, आणि सांभाळणारे बहुधा वनरक्षक आणि वनमजूर असतात. त्यांतल्या अनेकांना हे जंगल लहानपणापासून पायाखालचे असते.

याच काळातली एक नोंद थेट आपल्या खाडीशी येऊन भिडते. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका वयस्क नर बिबट्याला गळपट्टा लावून माळशेज घाटात सोडले गेले. संशोधकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. त्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला. आजोबा महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालला, वसईच्या औद्योगिक पट्ट्यातून गेला, वसईची खाडी पोहला आणि उद्यानाच्या नागला भागात उतरला. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला. त्याच्या प्रवासाने एक गोष्ट कागदावर आणली. नागला हा घोडबंदर रस्त्याच्या पलीकडचा, खाडीला टेकलेला उद्यानाचा तुकडा. तिथे डोंगरउतारावरची झाडी आणि चिखलातले कांदळवन यांच्यात फारसे अंतर नाही. आपल्या दृष्टीने ती दोन वने असतील; त्या बिबट्याने ती एका चालीत ओलांडली.

चिखलातल्या वनाची कहाणी वेगळी, कारण ते वन कोणाच्या ताब्यातच नव्हते. काही जमीन महसूल खात्याकडे, काही मिठागरांकडे, काही खासगी मालकांकडे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने कांदळवनांना सर्वांत संवेदनशील वर्गात घातले, पण नियम लिहिणे वेगळे आणि चिखलात उभे राहून पहारा देणे वेगळे. १९८५ मध्ये इथल्या ग्रामपंचायती एकत्र येऊन नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि या वर्षांत स्वस्त घराच्या शोधात आलेल्या लाखो माणसांसाठी जमीन लागली. ती भरावाने तयार झाली.

मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर राज्यभरातल्या कांदळवनांची तोड थांबवण्याचा आदेश दिला आणि सरकारी जमिनीवरची कांदळवने वन म्हणून जाहीर करून वनखात्याकडे सोपवायला सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भंग असल्याचे म्हटले आणि भोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितले. या दोन तारखांच्या मध्ये, २०१२ च्या जानेवारीत, राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला. एन. वासुदेवन हे त्याचे पहिले प्रमुख.

ज्या वनरक्षकांची आणि वनपालांची इथे नेमणूक झाली, त्यांचे प्रशिक्षण साग, ऐन, बांबू यांच्या रानाचे. डोंगरातला गुन्हा वनरक्षकाला वाचता येतो. बुंध्यावर कुऱ्हाडीचा घाव असतो, थुटे मोजता येतात, ओंडका जप्त करता येतो, गाडी अडवता येते. तिवराचे वन मारायला मात्र कुऱ्हाड लागत नाही. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. खाडीच्या फाट्याच्या तोंडाशी मातीचा एक बांध घातला किंवा उघाडी बंद ठेवली, की आतले पाणी साचते, मुळे बुडलेली राहतात आणि काही महिन्यांत झाडे पाने टाकून उभीच वाळतात. नाहीतर उलट होते: भरतीचे पाणी आत येणेच थांबते आणि जमीन तडकते. दोन्ही प्रकारांत एकही झाड कोणी ‘तोडलेले’ नसते. पंचनाम्यात लिहायचे काय?

ते लिहायचे तर वनरक्षकाला आधी पाणी वाचायला शिकावे लागते. उधाणाला पाणी कुठवर येते, भांगाच्या भरतीला कुठे थांबते. कुठला बांध मिठागराचा जुना आणि कुठला काल रात्रीचा. गाळाचा थर बसतो आहे की डंपरने टाकलेला राडारोडा आहे. तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा यांपैकी कोण पाण्याच्या काठाशी येतो आणि कोण मागे. हे शिकवणारे कोळी आणि आगरी होते, खेकडे धरणाऱ्या बायका होत्या, मिठागरावर जन्म गेलेले लोक होते. नवेगावबांधला जे झाले तेच खाडीवरही घडायला हवे होते आणि जिथे ते घडले तिथे काम उभे राहिले. कक्षाने रोपवाटिका केल्या. २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. २०१७ पासून किनाऱ्यावरच्या गावांसाठी खेकडेपालनासारख्या उपजीविकेच्या योजना आल्या. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्याचे कांदळवन २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होते, २०१७ मध्ये ३०४ आणि २०२१ मध्ये ३२४. कागदावर हा वनखात्याच्या अलीकडच्या इतिहासातला मोठा विजय आहे.

मात्र उपग्रहाला हिरवा रंग दिसतो, उघाडी दिसत नाही. फाट्याच्या तोंडाचा बांध त्याला कळतो तो झाडे वाळल्यावर. तो आधी कळतो फक्त त्या माणसाला, जो तीच वाट वर्षानुवर्षे चालला आहे. अडचण इथेच आहे. ज्या २००५ साली न्यायालयाने कांदळवनांना वाचवले, त्याच साली राज्याने बदल्यांचा कायदा केला आणि एका जागी साधारण तीन वर्षे हा नियम झाला. त्यामागचा हेतू चांगला होता. हितसंबंध रुजू नयेत आणि मनमानी बदल्या थांबाव्यात. परंतु तीन वर्षांत वनरक्षकाला खाडीचे पाणी जेमतेम कळू लागते. बदली झाली की नवा माणूस कार्यभार घेतो. यादीत दप्तर असते, नकाशे असतात, साहित्य असते. कुठल्या बांधावर नजर ठेवायची आणि कुठल्या कोळ्याचा शब्द पक्का, हे त्या यादीत नसते. निवृत्तीच्या दिवशी तर ते सगळेच घरी जाते.

ही हानी किती खरी आहे ते आज दिसते. वर्सोव्याहून भाईंदरला येणाऱ्या किनारी रस्त्याच्या आखणीत हजारो कांदळझाडे येतात, आणि वळवलेल्या वनजमिनीच्या भरपाईसाठी चंद्रपूर जिल्ह्यातली जमीन सुचवली गेली. नियमांच्या चौकटीत ते बसतही असेल. रस्ता नकोच असे या शहरातल्या, रोज दोन-दोन तास प्रवास करणाऱ्या माणसाला सांगणे मलाही जमणार नाही. पण चंद्रपूरला लावलेला साग भाईंदरच्या उधाणाचे पाणी अडवणार नाही, हे सांगायला वनशास्त्रज्ञ लागत नाही. खाडीवर पाच पावसाळे काढलेला वनरक्षक पुरतो. प्रश्न एवढाच की त्याला विचारले जाते का, आणि तो तेव्हा तिथे असतो का.

करता येण्याजोगी गोष्ट मोठी नाही. वनकर्मचारी दैनंदिनी लिहितात. त्या कचेरीत पडून राहतात. त्या जपाव्यात, नव्या माणसाला वाचायला द्याव्यात. या भागात काम करून निवृत्त झालेले वनपाल, वनक्षेत्रपाल, वनमजूर अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडून खाडीचा प्रत्येक फाटा, प्रत्येक उघाडी, टेकडीवरचा प्रत्येक पाणवठा नावानिशी लिहून घ्यावा. कोळीवाड्यांतल्या आणि पाड्यांवरच्या जाणत्यांनाही सोबत बसवावे. मीरा-भाईंदरच्या एखाद्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाला दोन वर्षांत पुरे करता येईल असे हे काम आहे. गिब्सन यांनी डोंगर आणि खाडी एका हिशोबात धरली, चितमपल्लींनी रानातल्या माणसांचे ज्ञान मराठीत आणले. आपल्या दोन वनांबद्दलची तशी वही अजून लिहिली गेलेली नाही. ती ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांचे वय आता साठीच्या पुढे आहे.